गिळलेलं वाक्य

जीभ खोटं बोलते, घसा बोलत नाही. हे वाक्य भोईटे सरांचं, म्हणजे आमच्या अढळपद अकॅडमीच्या मालकांचं. दर सोमवारी सगळ्या समुपदेशकांना उभं करून ते हे ऐकवायचे आणि माझी ताई पहिल्या रांगेत मान डोलवायची. अकॅडमीला अढळपद हे नाव कुणी सुचवलं देव जाणे, पण शोभायचं. विशीत आलेली पोरं टक्कल पडेपर्यंत त्याच वाचनालयात, त्याच खुर्चीवर बसलेली मी पाहिली आहेत. त्यातलाच मी एक.

मी विश्वजीत शिरतोडे, मूळचा विट्याचा. आयोगाच्या परीक्षेसाठी पुण्यात येऊन मला इतकी वर्षं झाली होती की पेठेतल्या खानावळीच्या काकू मला घरच्यासारखं ओरडायच्या. तोवर सरकारी नोकरी म्हणजे काय याचाच निम्मा अर्थ गेला होता. गावचा तलाठी जाऊन तिथं खांबावर सातबारा देणारी पेटी बसली होती, तहसील कचेरीतल्या अर्ध्या खुर्च्या यंत्रांनी खाल्ल्या होत्या. जागा दरसाल कमी होत होत्या आणि पोरं दरसाल वाढत होती. कारण उघड आहे. पेटीला गुलाल लावून जीपमधून मिरवता येत नाही, आणि पेटीला कुणी मुलगी देत नाही.

आमच्या आप्पांचं विट्यात फ्लेक्सचं दुकान. तालुक्यात कुणाचंही पोर पास झालं की 'हार्दिक अभिनंदन'चा फ्लेक्स आप्पाच छापणार. दुसऱ्यांच्या पोरांचे फेटे बांधलेले फोटो मोठे करता करता त्यांचे डोळे अधू झाले. गल्लीत मला सगळे साहेबच म्हणायचे, अजून काही झालो नव्हतो तरी. आधी मला ते आवडायचं. नंतर नंतर मी विट्याला अंधार पडल्यावरच उतरायचो.

आई लवकर गेली. स्नेहलताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बी.एस्सी. झाल्यावर ती नोकरीला लागली, लग्न होऊन पुण्याला आली, आणि अढळपदमध्ये समुपदेशक झाली. समुपदेशक हा शब्द ऐकायला बरा वाटतो. तिचं काम होतं, आलेल्या पोराला रिकाम्या हातानं परत जाऊ न देणं. त्यात तिचा हात धरणारं पुण्यात कुणी नव्हतं. माझी निम्मी फी ती भरायची, आणि दुपारचा डबा आम्ही दोघं तिच्या केबिनमध्ये खायचो. त्यामुळे तिचं काम मी जवळून पाहिलं.

एकदा असेच आम्ही डबा उघडून बसलो होतो. परभणीकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आत आले. ताईनं पोळीवर झाकण ठेवलं, मला कोपऱ्यात सरकवलं, आणि त्यांना समोरच्या खुर्च्यांवर बसवलं.

"पोराची लय इच्छा हाय हो मॅडम सायब व्हायची," गृहस्थ म्हणाले. "आमची काय जबरदस्ती न्हाई. त्येच म्हनतंय."

पोरगा टेबलाकडं बघत होता. ताई गोड हसून इकडचं तिकडचं विचारत राहिली : पाऊसपाणी, गाव, चुलते किती, कोण काय करतं. टेबलावर काळ्या दगडासारखी एक वस्तू होती, पेपरवेट वाटावी अशी. तिचं तोंड गिऱ्हाइकाच्या बाजूला. ताईच्या बाजूला एक लहानसा पडदा होता. दहाएक मिनिटांनी ताईनं त्याच्याकडं एक नजर टाकली आणि म्हणाली, "दादा, एक सांगायचं राहिलं. आमच्याकडं प्रवेश घेतला की त्याच आठवड्यात गावच्या चौकात लावायला शुभेच्छांचा मोठा फलक आम्हीच पाठवतो. मुलाचा फोटो, तुमचं नाव, खाली भावी अधिकारी."

गृहस्थांचा चेहरा असा उजळला की मला पाहवेना. त्यांनी फीबद्दल एक शब्द विचारला नाही. तिथल्या तिथं अंगठा टेकवला.

ते गेल्यावर ताईनं पोळीवरचं झाकण काढलं. "बापाचं वाक्य काय आलं माहिताय? 'भावकीत तोंड वर करून चालायचंय.' मग काय, वाट सोपी झाली."

"आणि पोराचं?"

"त्याचं आलं, 'मला आयटीआयला जाऊ द्या.'"

"मग?"

"मग काय? फी कोण भरणार हाय, पोरगा?" ती म्हणाली, आणि मला भाजी वाढली.

त्या काळ्या दगडाचं नाव कंठवेध. तो काय करतो हे मी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नोट्समध्ये तोंडपाठ केलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला नाही. मी जे पाठ करतो त्यावर येतच नाही.

आपण बोलायच्या आधी मेंदू जिभेला, टाळूला, स्वरयंत्राला हुकूम सोडतो आणि वाक्य घशात जुळून तयार होतं. मग कधीकधी आपल्याला शहाणपण सुचतं. मेंदू दुसरा हुकूम सोडतो, थांब, हे बोलू नको. आपण ते वाक्य गिळतो आणि दुसरंच काहीतरी बरं दिसणारं बोलतो. पण तोवर पहिल्या हुकमानं घशातले स्नायू हललेले असतात. केसाच्या जाडीचा एखादा हिस्सा, इतकेच. ते दुसऱ्याला दिसत नाही आणि स्वतःलाही कळत नाही. कंठवेधमधून अगदी आखूड लहरी सुटतात, गळ्याच्या कातडीवर आपटतात आणि ती थरथर टिपून परत येतात. माणूस थोडा वेळ मोकळेपणी बोलला, की त्याचं कुठलं अक्षर कसं हलतं हे यंत्राला समजतं. त्यानंतर तो जे बोलला नाही तेही पडद्यावर उमटतं.

मुळात हे यंत्र घशाच्या कॅन्सरनं आवाज गेलेल्या लोकांसाठी तयार केलं होतं. मुक्याला वाचा देण्यात फारसा पैसा नाही, हे बनवणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आलं. बोलत्या माणसाच्या घशात हात घालण्यात मात्र बक्कळ होता. आधी विमावाल्यांनी घेतलं, मग बिल्डरांनी, मग वधूवर मंडळांनी, आणि मग आमच्यासारख्यांनी. गिऱ्हाइकाची खरी गरज ओळखा, असं विक्रीच्या धंद्यात पूर्वीपासून सांगतात. पूर्वी त्यासाठी गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यावं लागायचं. आता त्याचं बोलणं नुसतं होऊ द्यायचं आणि पडदा वाचायचा.

यंत्राला दोन गोष्टी जमत नव्हत्या. ते विचार वाचत नव्हतं, फक्त घशापर्यंत आलेलं वाक्य वाचत होतं. आणि ते वाक्य मनापासूनचं आहे की घटकाभराच्या कंटाळ्यातलं, हे त्याला कळत नव्हतं. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर हे बारीक अक्षरात छापलं होतं. भोईटे सरांकडं तेवढं वाचायला वेळ नव्हता. त्यांच्या लेखी गिळलेलं तेच खरं, बोललेलं सगळं वरवरचं.

असं दिवसभर करून माणूस घरी येतो तेव्हा काय होतं, तेही मी पाहिलं. रविवारी मी ताईकडं जेवायला जायचो. एकदा किशोरदाजी म्हणाले, "आमटी फक्कड झालीय."

"खरं सांगा," ताई म्हणाली.

"अगं खरंच झालीय."

"मग बोलताना थांबलात का? काय गिळलंत आत्ता?"

"आमटी," दाजी म्हणाले.

मी हसलो. दाजीही हसले. ताई हसली नाही. ती दाजींच्या गळ्याकडं बघत होती. पुढं पुढं दाजी जेवताना बोलेनासे झाले, आणि भर उन्हाळ्यात गळ्याला रुमाल बांधायला लागले. घरात यंत्र नव्हतं, तरीसुद्धा. एकदा मला खाली सोडायला आले तेव्हा म्हणाले, "विशू, मी तिला नुसतं 'चहा टाक' म्हटलं तरी ती त्याच्या मागं काय आहे ते शोधते रे. चहाच्या मागं काय असणार? चहाच असतो." मला त्यांची दया आली, पण मी काय करणार होतो? माझी फी ताई भरत होती.

मग माझं शेवटचं वर्ष आलं. वयाच्या अटीनं शेवटचं. त्यानंतर आयोगाचं दार मला कायमचं बंद होणार होतं. आदल्या वर्षी मी मुलाखतीपर्यंत जाऊन थोडक्यात राहिलो होतो. आणि या वेळी कधी नव्हे ते मला आतून माहीत होतं की जमणार. अभ्यासावर हात बसला होता. सुताराचा रंध्यावर बसतो तसा.

अर्ज भरायची मुदत संपायला काही दिवस होते. दुपारी डबा खायला गेलो तर ताई म्हणाली, "आज तिकडं बस. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत."

"का?"

"बस म्हणते तर. बघू तरी तुझ्या मनात काय हाय ते."

मी बसलो. घाबरायचं कारण नव्हतं. ताईनं गावचं काढलं, आप्पांच्या डोळ्यांचं काढलं, माझ्या खोलीवरच्या ढेकणांचं काढलं. मग म्हणाली, "परीक्षेचं काय करायचं?"

"द्यायची की. ताई, या वेळी अभ्यास झालाय बघ. एकदा बसू दे. शेवटचं."

तिनं पडद्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पडदा बंद केला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "विशू, तुला थांबायचंय."

"काय?"

"'मला थांबवा.' असं आलं. तू म्हणालास 'एकदा बसू दे', आणि त्याच्या आधी हे गिळलंस."

"मी नाही गिळलं."

"कुणालाच कळत नसतं बाळा, आपण काय गिळतो ते."

इथं माझी काय अवस्था झाली ते सांगितलं पाहिजे, नाहीतर माणूस मला बावळट म्हणेल. मी शेकडो लोकांना त्या खुर्चीत बसलेलं पाहिलं होतं. यंत्र चुकलेलं एकदाही पाहिलं नव्हतं. आणि ताईनं माझ्यासाठी जेवढं केलं तेवढं आईनंही केलं नसतं. मी खोलीवर गेलो, पुस्तक उघडलं, आणि प्रत्येक पानाला मला ते वाक्य ऐकू यायला लागलं. मला थांबवा. खरंच की काय? इतकी वर्षं मी हेच म्हणत होतो की काय? तुझ्या मनात अमुक आहे असं कुणी खात्रीनं सांगितलं, की मन तिथं जाऊन ते शोधतं, आणि शोधलं की सापडतंच. थकवा कुणाला नसतो? मी दोन दिवस पुस्तकासमोर बसून होतो आणि एक ओळ डोक्यात शिरली नाही. अभ्यासावर बसलेला हात तेवढ्यात उठला.

तिसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला. ताईनं त्यांना आधीच सांगितलं होतं.

"स्नेहल सांगत हुती," आप्पा म्हणाले. "तूच म्हनलास म्हनं, थांबवा म्हून."

मी समोरचं पुस्तक मिटलं.

"न्हाई म्हंजे, तुझं तू ठरीव. पर जीव मारून करू नगंस बाबा. आमी काय म्हनत न्हाई तुला. ये तू."

त्यांचा आवाज इतका साधा होता की मला वाटलं, चला, यांनाही सुटल्यासारखं वाटतंय. माझ्याच तेवढं लक्षात येत नव्हतं. मी अर्ज भरला नाही. मुदत गेली. त्या रात्री मला शांत झोप लागली आणि तोच मला पुरावा वाटला.

विट्याला परत जाऊन फ्लेक्सच्या दुकानात बसायची माझी छाती नव्हती. ताईनं भोईटे सरांकडं शब्द टाकला. सरांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "नापास माणूस फार छान विकतो," ते म्हणाले. "त्याच्यावर पोरांचा विश्वास बसतो." महिन्याभरात मी ताईच्या शेजारच्या केबिनमध्ये काळ्या दगडाच्या अलीकडच्या बाजूला बसलो होतो.

काम मला जमलं, हे सांगायला लाज वाटते, पण जमलं. पहिल्याच आठवड्यात किनवटकडची निकिता नावाची एक मुलगी आली. चार वेळा दिलेली. डोळ्यांखाली काळं, बोलण्यात नुसता उत्साह. "सर, या वर्षी मी फोडणारच," ती म्हणाली. माझ्या पडद्यावर उमटलं, 'मला कुणीतरी थांबवा.'

मला जे कुणी दाखवलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं, ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होतो. आता असं वाक्य आलं की काय करायचं, हे सरांनी शिकवून ठेवलं होतं. थांबायचं असेल त्याला थांब म्हणायचं नाही, तो जाईल. त्याला निर्णयाचं पॅकेज द्यायचं. म्हणजे थांबावं की थांबू नये हे ठरवण्यासाठी सहा महिन्यांचं मार्गदर्शन, चाचण्यांसकट, वाचनालयासकट. सहा महिने झाले की पुढची परीक्षा तोंडावर आलेलीच असते.

"निकिता, तू आत्ता काहीच ठरवू नकोस," मी म्हणालो. "ते ओझं आमच्यावर टाक."

ती टेबलावर डोकं ठेवून रडली. माझे आभार मानले. फी भरली. सरांनी माझी पाठ थोपटली. मी संडासात जाऊन तोंड धुतलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.

नवीन समुपदेशक कायम व्हायचा तर त्याला एक चाचणी द्यावी लागायची. एका मुरलेल्या समुपदेशकाला समोर गिऱ्हाईक म्हणून बसवायचं आणि त्याच्या घशातून निदान एक वाक्य काढायचं. बहुतेक जण नापास व्हायचे, कारण मुरलेल्या लोकांना तोड माहीत असे. ते मनातल्या मनात पाढे म्हणत राहायचे. घशात पाढे असले की दुसरं वाक्य तिथवर येत नाही. नापास झालात तरी नोकरी जायची नाही, पगार तेवढा अर्ध्यावर राहायचा.

सरांनी माझ्यासमोर ताईला बसवलं. बाकीचे बाहेर काचेपलीकडं उभे. आतलं बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं. सरांच्या खोलीत फक्त आकडा दिसायचा, किती वाक्यं निघाली त्याचा.

ताई मजेत होती. "मी एकोणतीसचा पाढा घेतलाय," ती हळूच म्हणाली. "तुला काय मिळायचं न्हाई. वाईट वाटून घेऊ नगंस."

मी ठरलेले प्रश्न विचारत गेलो. नाव, गाव, शिक्षण, अपेक्षा. ती ठरलेली उत्तरं देत गेली. पडद्यावर नुसते पाढ्याचे आकडे, वाक्य एकही नाही. तिच्या तोंडावर हसू. मग यादीतला नेहमीचा प्रश्न आला. "घरात आणखी कुणी शिकलंय का?"

"धाकटा भाऊ," ती म्हणाली. "तो हुशार. मला पहिल्यापासून कंटाळाच अभ्यासाचा. बी.एस्सी. झालं तसं मीच म्हटलं आप्पांना, बास झालं माझं, पुण्याला विशूला पाठवा."

हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. ताईला अभ्यासाची आवड नाही, हे आमच्या घरात तिच्या उंचीइतकं ठाऊक होतं. बी.एस्सी.ला ती कॉलेजात पहिली आली होती, पण ते कसं काय, असा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. मलाही नाही.

पडद्यावर उमटलं, 'ती जागा माझी होती.'

मी ते दोनदा वाचलं. मान वर केली. तिला काही कळलेलं नव्हतं. ती तशीच हसत, पाढ्याकडं परत जात होती.

तिथं मी यादी सोडली. का सोडली ते मला सांगता येणार नाही. माणसाला एखादी शंका येते ती अशी सरळ चालत येत नाही.

"ताई," मी म्हणालो, "माझ्या वेळी पडद्यावर काय आलं होतं?"

"आता हे काय मधीच?"

"सांग ना."

"सांगितलं की तुला. 'मला थांबवा' म्हणून आलं."

ती बोलायची थांबली आणि तिच्या गळ्यावर काहीच हललेलं मला दिसलं नाही. पडद्यावर मात्र अक्षरं उमटली. 'तू काहीच गिळलं नव्हतंस.'

म्हणजे त्या दिवशी मी जे बोललो तेवढंच माझ्या मनात होतं. अभ्यास झालाय, एकदा बसू दे. आयुष्यात क्वचित माणूस इतका सरळ बोलतो. मी बोललो होतो, माझ्या सख्ख्या बहिणीसमोर.

माझ्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक. ताईचं हसू थांबलं. तिनं हात लांबवून पडदा आपल्याकडं फिरवला आणि दोन्ही वाक्यं वाचली. मला वाटलं ती नाकारेल, यंत्र बिघडलंय म्हणेल. ती तसं काही म्हणाली नाही. तिनं पडदा परत माझ्याकडं फिरवला, अगदी नीट, होता तसा.

"तुझं कळवलं त्या दिवशी आप्पा फोनवर रडले," ती म्हणाली. आता ती विट्याच्या घरात बोलतो तसं बोलत होती. "तुला न्हाई सांगितलं त्यांनी. तुझ्याशी बोलताना आवाज धरला असंल. माझ्याशी बोलताना ढसाढसा रडले. माझ्या पोराचं कसं व्हायचं गं, म्हणून."

मी प्रश्नांची यादी बाजूला सारली.

"आप्पांनी माझं शिकणं थांबवलं त्या दिवशी मी सैपाकघरात बसले हुते. म्हटलं, आता येतील, काहीतरी बोलतील. पोरी, माझा नाइलाज हाय, एवढं तरी. ते जेवले, आणि पडले. घोरत हुते, विशू. मी बसून ऐकलं." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "तुला थांबवल्यावर कुणी रडतंय का, ते मला बघायचं हुतं. बास. दुसरं काय न्हाई."

"माझं वर्ष गेलं, ताई."

"व्हय. गेलं."

"शेवटचं होतं."

"माहीत हाय मला. माझं पयलंच गेलं." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "बोल की. शिव्या दे. मार मला वाटलं तर. पण बोल काहीतरी."

मी म्हणालो, "बरं केलंस, ताई."

तिनं चमकून माझ्या गळ्याकडं पाहिलं. पण मी अलीकडच्या बाजूला होतो. दगडाचं तोंड तिच्याकडं होतं. माझ्या गळ्याचं त्याला काही कळणार नव्हतं.

"खरं बोल," ती म्हणाली.

"खरंच."

"मला माफ केलंस?"

"हो."

"विशू, हिकडं ये." ती उठली. गिऱ्हाइकाची खुर्ची तिनं माझ्यासाठी मागं ओढून धरली. "हिकडं येऊन बस. एकदाच बस. मला बघू दे काय येतंय ते. शिव्या असल्या तरी चालतील."

मी तिच्याकडं बघत बसलो. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तितकीच तिची कीव येत होती. सैपाकघरात बसलेली ती बी.एस्सी. झालेली मुलगी मला दिसत होती आणि तिला जाऊन जवळ घ्यावं असंही वाटत होतं. यातलं घशापर्यंत काय आलं आणि मी काय गिळलं, ते माझं मलाच माहीत नाही. ते फक्त त्या खुर्चीत बसून कळलं असतं. मी उठलो नाही.

ती खुर्ची धरून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात दार ढकलून भोईटे सर आत आले, मागोमाग सगळा स्टाफ. सरांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "दोन!" ते ओरडले. "स्नेहल मॅडमच्या घशातून दोन वाक्यं! अरे, आजवर एक कुणाला मिळालं नव्हतं!" वाक्यं कसली होती हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांनी माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला आणि जाहीर केलं, की विश्वजीत शिरतोडे पैकीच्या पैकी गुणांनी पास.

पुण्यात आल्यापासून पहिल्यांदाच मी अव्वल आलो होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं खुर्ची सोडली आणि तीही वाजवायला लागली. तिची नजर माझ्या गळ्यावरून हलत नव्हती.